परत आल्यावरचे देणे

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. जपानशी झुंजणाऱ्या चीनसाठी सेनापती चू दे यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी निधी उभा केला होता. या पाचांपैकी सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक असतात. मदनमोहन अटल, नागपूरचे चोळकर, देवेश मुखर्जी आणि बिजयकुमार बसू ही नावे मात्र मुद्दाम सांगावी लागतात. हे चौघे परत आले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच मुळी 'अँड वन डिड नॉट कम बॅक' असे आहे आणि शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट त्यावरच बेतलेला आहे.

कोटणिसांचे मोठेपण कमी करायचा इथे प्रश्नच नाही. पण न परतलेल्या माणसाची गोष्ट सांगायची सवय लागली की परतलेल्याला विचारायचे प्रश्न सुचेनासे होतात. तो सुखरूप आला, चार दिवस झोप काढली, कामावर रुजू झाला. विषय संपला असे घरचे, मित्र आणि तो स्वतःही धरून चालतो. मला हे उथळ वाटते. परदेशातल्या वैद्यकीय सेवेची किंमत तिथल्या मुक्कामात ठरत नाही, परतल्यानंतरच्या वर्षभरात ठरते, असे माझे म्हणणे आहे. त्या वर्षात डॉक्टरने, परिचारिकेने किंवा तंत्रज्ञाने काही ठरावीक कामे केली तर ती सेवा होती. केली नाहीत तर तो एक दगदगीचा, प्रामाणिक हेतूने केलेला प्रवास होता. हे कठोर वाटेल, म्हणून पायरीपायरीने मांडतो.

सत्कार आणि स्लाइड्स

आधी प्रचलित समज नीट पाहू. महाराष्ट्रातून डॉक्टर अनेक वाटांनी बाहेर जातात. कोणी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'सारख्या संस्थेकडून सहा-नऊ महिन्यांसाठी जातो, कोणी सेवाभावी क्लबच्या शस्त्रक्रिया पथकातून आफ्रिकेत दहा दिवसांसाठी, कोणी २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळला गेलेला असतो. परत आल्यावर गावात कार्यक्रम होतो. अशा कार्यक्रमांना श्रोता म्हणून मी बऱ्याचदा बसलो आहे आणि स्लाइड्सचा क्रम आता मला पाठ आहे. विमानतळावर एकसारखे टी-शर्ट घातलेला गट, पत्र्याच्या छपराचा दवाखाना, उन्हातली रांग, ओठाला ताजे टाके असलेले मूल आणि त्याला मांडीवर घेतलेले डॉक्टर. मग शाल, श्रीफळ, चहा.

बोलण्यात तीन वाक्ये हमखास येतात. 'त्यांच्याकडे काही नाही, तरी ती माणसे आनंदी आहेत.' 'आपण किती नशीबवान आहोत ते तिथे गेल्यावर कळते.' आणि 'मी दिले त्याहून मला कितीतरी जास्त मिळाले.' पहिले वाक्य बहुधा खोटे असते. ज्या आईने मुलाला घेऊन तीन तास उन्हात रांग लावली ती आनंदी नसते, ती परक्या माणसासमोर अदबीने वागत असते. तिसरे वाक्य खरे असते आणि म्हणूनच ते ऐकून काळजी वाटायला हवी. देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त मिळाले असेल तर तो व्यवहार नेमका कोणासाठी झाला?

दुसऱ्या वाक्याची मला गंमत वाटते. हा सूर आपला नाही. अमेरिकेत चर्च आणि कॉलेजे तरुणांना सुटीत मध्य अमेरिकेत किंवा हैतीत 'मिशन ट्रिप'वर पाठवतात, त्यांच्या परतीच्या भाषणांचा तो साचा आहे. तिकडच्या उपनगरातल्या मुलाने घरचा नळ पाहून गहिवरून जाणे एकवेळ समजू शकते. पण अमरावतीचा डॉक्टर मलावीहून येऊन 'आपण नशीबवान' म्हणतो तेव्हा 'आपण' कोण, हे त्याने सांगायला हवे. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले तालुके त्याच्याच जिल्ह्यात आहेत. मेळघाटातले बालमृत्यू तीसेक वर्षे वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात गाजत आहेत. तिकडचे दारिद्र्य पाहून इकडचे दिसेनासे व्हावे, असा हा उफराटा चष्मा.

पहिली पायरी: रोग्याचे वेळापत्रक आणि आपले तिकीट

बहुतेक आजारांचे उपचार परतीच्या तिकिटापेक्षा लांब चालतात. हे कोणत्याही डॉक्टरला मान्य असते. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र तो टाळतो.

दुभंगलेला ओठ आणि टाळू घ्या. शिबिरांचे हे सर्वांत लाडके ऑपरेशन, कारण आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवता येतो. पण ओठ शिवायचा तो मूल साधारण तीन ते सहा महिन्यांचे असताना आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. मग बोलताना हवा नाकातून सुटते का हे पाहायचे आणि स्पीच थेरपी द्यायची. आठ-दहा वर्षांचे झाल्यावर हिरडीतल्या फटीत हाड भरायचे, त्यानंतर दातांना तारा. एका व्यंगाचा उपचार दशकभराहून अधिक चालतो आणि शिबिरात येतो तो त्यातला दीड-दोन तासांचा तुकडा. मोतीबिंदूचे ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत होते, हे खरे. पण चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने काढायचा असतो आणि काही रोग्यांच्या भिंगामागचा पडदा पुढे महिन्या-वर्षांनी पुन्हा धूसर होतो. तो लेझरने काही मिनिटांत साफ होतो, पण लेझर त्या तालुक्यात असायला हवा. नसेल तर रोगी म्हणतो, 'परदेशी डॉक्टरने डोळा घालवला.' त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काही चुकत नाही. रक्तदाबाच्या रोग्याला तीस गोळ्यांचे पाकीट देऊन पथक निघते. एकतिसाव्या दिवशी त्याने काय घ्यावे, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीत जगभरची पथके उतरली. हात किंवा पाय कापावे लागलेल्यांची संख्या दोन ते चार हजार असावी असा अंदाज केला गेला. ढिगाऱ्याखाली चेंगरलेला पाय कापून जीव वाचवणे हे योग्यच होते. पण आठ वर्षांच्या मुलाचा पाय कापला की त्याचे पुढचे आयुष्य ठरून जाते. मूल वाढते तसा जयपूर फूटसारखा कृत्रिम पाय दर वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागतो. पायाच्या उरलेल्या भागातले हाडही वाढते, कातडीला आतून टोचते आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागते. कापणारे हात दोन आठवड्यांत मायदेशी परतलेले असतात. मोडलेल्या हाडाला बाहेरून सळ्या आणि पट्ट्यांची चौकट लावतात ना, त्या 'फिक्सेटर'चे नट फिरवायला ज्याची त्याची किल्ली लागते. किल्ली सर्जनच्या बॅगेतून परत गेली की चौकट पायावर आणि पाय जमिनीवर, अशी अवस्था होते.

म्हणून परतणाऱ्यावर पहिले देणे आहे ते कागदाचे. कोणावर काय केले, कोणता धागा, कोणता रोपण-भाग, कोणती किल्ली, टाके कधी काढायचे, काय झाले तर कोणाकडे जायचे, हे तिथल्या डॉक्टरला कळेल असे लिहून एक प्रत रोग्याकडे आणि एक तिथल्या रुग्णालयात ठेवायची. ही काही माझी कल्पना नाही. हैतीतल्या गोंधळानंतर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय पथकांसाठी वर्गवारी आणि किमान निकष काढले. त्यात स्थानिक यंत्रणेकडे नोंदणी, नियमित अहवाल, रोग्याची नोंद आणि तिची प्रत रोग्याला देणे, पुढच्या उपचारासाठी स्थानिक व्यवस्थेशी जोडून घेणे, हे सारे आहे. मोठ्या आपत्तीत येणारी पथके आता पुष्कळ अंशी ते पाळतात. दहा दिवसांच्या क्लबच्या शिबिरांना मात्र आपत्तीचे निकष आपल्याला कशाला, असे वाटते.

दुसरी पायरी: ज्या चुका आपल्याला कळत नाहीत

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

आपल्या गावात ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला त्याची चूक कळते. आठव्या दिवशी टाके काढायला आलेल्या रोग्याची जखम लाल दिसते, दाबल्यावर पू येतो, सोबतचा भाऊ काही बोलत नाही पण त्याच्या चेहऱ्यावर सगळे लिहिलेले असते. सिस्टर खालच्या आवाजात म्हणते, 'सर, या महिन्यातली ही तिसरी.' मग सर्जन ओटीतल्या ऑटोक्लेव्हकडे वळतो, धागा बदलतो, स्वतःच्या हाताकडे संशयाने पाहतो. शस्त्रक्रियेतले शहाणपण असेच येते. मोठ्या रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंतीच्या आढाव्याची बैठक होते ती यासाठीच.

फिरत्या सर्जनला यातले काहीच दिसत नाही. त्याने शेवटचा पाहिलेला रोगी गुंगीतून उठून पाणी मागत असतो. टाळूला नंतर भोक पडले, हर्निया पुन्हा उतरला, जखम चिघळली, हे सगळे त्याच्या विमानाने उड्डाण केल्यानंतर घडते. त्यामुळे त्याच्या आठवणीत यशाचे प्रमाण शंभर टक्के राहते. 'आम्ही दीडशे ऑपरेशने केली' या वाक्यातला आकडा दीडशे वेळा सुरी चालली एवढेच सांगतो. बरे किती झाले, हे त्यात नाही. आणि पुढची गोष्ट अधिक वाईट आहे. असा माणूस पुन्हापुन्हा जातो तेव्हा त्याचा अनुभव वाढतो असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा आत्मविश्वास तेवढा वाढतो, कारण चूक दाखवणारा रोगी त्याच्यासमोर कधी येतच नाही. चांगला हात असलेला सर्जनही अशा परिस्थितीत बिघडू शकतो.

मग हे कळायचे कसे? विचारून. तिथल्या परिचारिकेला, तिथल्या कनिष्ठ डॉक्टरला, नावांची यादी समोर ठेवून: तिसाव्या दिवशी एकदा, सहाव्या महिन्यात एकदा. आज व्हॉट्सअ‍ॅपवर जखमेचा फोटो मागवणे अवघड नाही. अवघड आहे ते खरे उत्तर मिळवणे. घेणारा देणाऱ्याला वाईट बातमी सहसा सांगत नाही. पुढच्या वर्षीचे पथक, औषधांची खोकी, कदाचित एखादा जनरेटर या पाहुण्यांवर अवलंबून असते. अशा वेळी 'तुमच्या सहा रोग्यांची जखम चिघळली' असे कोण कळवेल? 'एव्हरीथिंग फाइन, डॉक्टर, गॉड ब्लेस यू' असा निरोप येतो आणि आपण खूश होतो. म्हणून नुसते विचारून भागत नाही. वाईट बातमी सांगितली तरी मदत थांबणार नाही, किंबहुना ती दुरुस्त करायला पैसे येतील, हे आधी ठरवून लेखी द्यावे लागते.

मदतीला गेलेले लोक हानी करू शकतात आणि ती मान्य करायला किती वेळ लागतो याचे टोकाचे उदाहरण हैतीतलेच आहे, जरी ते वैद्यकीय पथकाचे नसले तरी. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका छावणीतले मैलापाणी एका नदीच्या उपनदीत गेले आणि त्यातून कॉलरा पसरला. सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यातल्या आपल्या वाट्याबद्दल सरचिटणीसांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. सहा वर्षे. तज्ज्ञांनी बोट कुठे दाखवले होते, हे त्याच्या बरेच आधी जगाला माहीत होते. निघून जाणाऱ्या संस्थेला ऐकू कमी येते.

तिसरी पायरी: घुसमट कशाची?

परतल्यावरच्या मनःस्थितीबद्दल बरेच लिहिले जाते. घरी आल्यावर चिडचिड होते. ओपीडीतली साधी सर्दी घेऊन एमआरआय मागणारी माणसे नकोशी वाटतात. लग्नाच्या बुफेत अर्धे ताट तसेच टाकलेले पाहून तोंडाची चव जाते. बायको किंवा नवरा म्हणतो, 'तू अजून तिकडेच आहेस.' यावरचा सल्ला ठरलेला आहे: वेळ द्या, बोला, लिहून काढा, समुपदेशकाकडे जा, हळूहळू रुळाल.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. युद्धभूमीवरून किंवा मोठ्या साथीतून आलेल्या माणसाच्या मनावर खरी जखम असू शकते आणि तिला उपचारच हवा. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाशी लढून आलेल्यांना त्याहून वेगळेच सोसावे लागले. तीन देशांत मिळून अकरा हजारांवर माणसे त्या साथीत गेली, त्यात शेकडो आरोग्यसेवक होते. आणि सिएरा लिओनहून परतलेल्या एका अमेरिकी परिचारिकेला, कोणतेही लक्षण नसताना, न्यू जर्सीत विमानतळावरून नेऊन रुग्णालयाच्या आवारातल्या तंबूत ठेवले गेले. पुढे तिला घरात कोंडून ठेवण्याचा तिच्या राज्याचा आग्रह न्यायालयाने नाकारला. इबोलाचा अधिशयनकाळ जास्तीत जास्त २१ दिवसांचा. त्या काळात रोज ताप मोजणे आणि ताप येताच कळवणे पुरेसे असते, कारण लक्षणे नसलेला माणूस तो पसरवत नाही. परतणाऱ्याकडून शिस्त मागण्याचा समाजाला हक्क आहे. त्याला वाळीत टाकण्याचा नाही.

पण बहुतेक स्वयंसेवक असे कुठे गेलेले नसतात. ते दोन आठवडे एखाद्या शांत जिल्हा रुग्णालयात राबलेले असतात. त्यांची घुसमट हा आजार मानायला मी तयार नाही. आपण काय पाहिले आणि त्यातले किती मागे सोडून आलो याचे ते भान आहे. ते शमवायची घाई केली की नेमकी उपयोगाची गोष्ट वाया जाते. ज्याला बुफेतले ताट खटकले त्याला स्वतःच्या शहरातल्या सिव्हिल हॉस्पिटलची जमिनीवर झोपलेली बाळंतीण आता दिसू शकते. पूर्वी दिसत नव्हती, कारण ती सवयीची झाली होती. ही नजर थोडेच महिने टिकते. तेवढ्यात तिला काम दिले नाही तर माणूस खरोखरच 'रुळतो', आणि सल्ला देणाऱ्यांना वाटते की उपचार लागू पडला.

परतून ज्यांनी काही केले

चीनला गेलेल्या पथकाचे प्रमुख डॉ. अटल त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूने काम करून आले होते. म्हणजे कोटणीस ज्या मोहिमेवर गेले तिच्या नेतृत्वामागे एकाची आधीची मोहीम उभी होती. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून यांचेही तसेच. माँट्रियलमधला हा छातीचा सर्जन १९३५ मध्ये सोव्हिएत संघात जाऊन आला आणि परतल्यावर स्वतःच्या देशात सर्वांना परवडेल अशा सरकारी आरोग्यसेवेसाठी त्याने गट उभा केला. स्पेनमध्ये त्याने रक्ताच्या बाटल्या आघाडीपर्यंत नेणारी फिरती सेवा चालवली, १९३७ मध्ये परत येऊन कॅनडाभर भाषणे देत पैसा जमवला आणि मग चीनला गेला. तिथे ऑपरेशन करताना बोट कापले, जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये तो वारला. त्याच्या नावाच्या रुग्णालयाचे पुढे कोटणीस संचालक झाले. बेथ्यूनचे चरित्र बहुतेकांना चीनपासून सुरू होणारे वाटते. त्यातली दोन पुनरागमने मला तितकीच मोलाची वाटतात, कारण दोन्ही वेळा तो घरी येऊन घरच्या व्यवस्थेशी भांडला किंवा घरच्यांना कामाला लावले.

बसू १९४३ मध्ये परत आले. पुढे ते पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतात शिकवू लागले. अ‍ॅक्युपंक्चरच्या परिणामकारकतेबद्दल माझे मत राखून ठेवतो. ज्यांना मदत करायला गेलो त्यांच्याकडून शिकायला परत जाणे, हा क्रम मात्र मला फार आवडतो. आपल्याकडच्या स्लाइडशोत तो कधी दिसला नाही.

जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे मोहिमेवर गेले नव्हते. ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हा तसे ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे. पण परतण्याचा अर्थ त्यांच्याकडून नीट कळतो. त्यांनी परदेशातून भावना आणली नाही, पद्धत आणली. आणि ती इथल्या निरक्षर, दलित, परित्यक्ता बायकांच्या हाती दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकसहभागाच्या आरोग्य प्रयोगांवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडचे प्रकरण होते. आता परदेशी विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात. हॉपकिन्समधूनच १९८४ मध्ये परतलेल्या अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, मोजमाप ठेवले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मोजमाप हा शब्द इथे महत्त्वाचा. त्याशिवाय ती एक हृद्य कहाणी राहिली असती आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात उतरली नसती.

आक्षेप

*'स्वखर्चाने, रजा टाकून गेलेल्या माणसाची झाडाझडती कशाला? काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे ना?'* हा आक्षेप मनाला पटकन पटतो, पण वैद्यकात तो नेहमी खरा ठरत नाही. टाळूची पहिली शस्त्रक्रिया ही सर्वांत चांगली संधी असते. ती फसली की उरलेल्या ऊती व्रणाने आखडतात, दुसऱ्या वेळी शिवायला मऊ मांस कमी पडते. म्हणजे फसलेले फुकटचे ऑपरेशन झालेले मूल न झालेल्या मुलापेक्षा मागे जाते. तेव्हा 'काहीतरी' आणि 'काहीच नाही' एवढेच दोन पर्याय नसतात. शिवाय पैसे न घेणाऱ्या डॉक्टरची जबाबदारी कमी होते, हे तत्त्व आपण सरकारी दवाखान्यातल्या गरीब रोग्याला लावून पाहावे. तिथे ते आपल्याला लगेच अन्यायाचे वाटते.

*'मग जाऊच नये. आधी घर बघा.'* विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर जवळजवळ हेच सांगितले होते: बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. अर्धशिक्षित उत्साही तरुणांबद्दल ते शंभर टक्के बरोबर होते. प्रशिक्षित पथकांबद्दल ते अर्धेच बरोबर आहेत. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर भारतीय लष्कराचे ९९ जणांचे फील्ड हॉस्पिटल तुर्कस्तानात इस्केंदेरूनला उभे राहिले. ते एक्स-रेपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळे घेऊन गेले, अखंड तुकडी म्हणून काम केले आणि काम संपताच परतले. हे लष्कराच्या ६० पॅरा फील्ड या वैद्यकीय तुकडीचे वारस. ती तुकडी १९५० मध्ये कोरियात गेली होती. इतक्या वर्षांत जमलेली शिस्त दहा दिवसांत येत नाही. आणि 'आधी घर' म्हणणारे बहुतेक लोक घरही पाहत नाहीत, हा माझा अनुभव. मेळघाटात आणि परदेशात जाणारे डॉक्टर पुष्कळदा तेच असतात.

*'पाठपुरावा करायला राहायचे तर नोकरी कोण सांभाळणार?'* राहायची गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित दर हिवाळ्यात भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया करत. अपघाताने चाकाच्या खुर्चीला खिळल्यावरही ते येत राहिले. वर्षानुवर्षे येणाऱ्या डॉक्टरला मागच्या वर्षीचा रोगी भेटू शकतो. दरवेळी नवा देश, नवे फोटो शोधणाऱ्याला तो भेटणे शक्यच नाही. दुसरा मार्ग संस्थेचा आहे. 'ऑपरेशन स्माइल'ने आसामात आधी शिबिरे घेतली आणि मग २०११ मध्ये गुवाहाटीच्या सरकारी रुग्णालयात दुभंग ओठ-टाळूचे कायमचे केंद्र उभे केले, जिथे दंतवैद्य आणि स्पीच थेरपिस्टही असतात. शिबिर बंद करायला न लाजणारी शिबिरवाली संस्था दुर्मीळ, म्हणून तिचे नाव घेतो.

*'इतक्या अटी घातल्या तर तरुण डॉक्टर जाणारच नाहीत.'* काही जाणार नाहीत. जे जातील त्यांच्यासाठी काम सोपे करता येईल. वैद्यकीय महाविद्यालयांनी सहा महिन्यांच्या पाठपुराव्याची यादी पूर्ण करणे हे निवासी डॉक्टरच्या प्रबंधाइतके काम म्हणून धरावे. तिथल्या परिचारिकेला त्या यादीसाठी मानधन द्यावे, उपकार म्हणून तिच्याकडून माहिती मागू नये. पैसा कुठून आणायचा, तर विमानाच्या तिकिटांतून. पंधरा जणांच्या पथकात तेरा जण जावेत. उरलेल्या दोन तिकिटांच्या पैशांत तिकडे एखाद्या स्पीच थेरपिस्टचा काही महिन्यांचा पगार निघतो, फसलेल्या ऑपरेशनसाठी रोग्याला राजधानीत नेण्याचा खर्च निघतो. दोन जण कमी गेल्याने यादीतली शेवटची काही ऑपरेशने होणार नाहीत, हे खरे आहे. ती होऊही नयेत. शेवटच्या रात्री, बॅगा भरून झाल्यावर, 'इतके लांबून आलेत बिचारे' म्हणून उरकलेल्या ऑपरेशनाचा रोगी रात्री दोन वाजता रक्तस्राव घेऊन उठतो तेव्हा पथक विमानतळावर असते, आणि त्याच्याजवळ असते ती फक्त रात्रपाळीची एक नर्स, जिला त्या ऑपरेशनात काय केले होते हे कोणीच सांगितलेले नसते.